कांबळे सर, इथं थांबवा

शाळेतला डिजिटल फळा बंद पडल्याचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : मागचं बटण चालू आहे का? निम्म्या तक्रारी तिथेच मिटत. उरलेल्यांसाठी मोटारसायकल काढावी लागे.

हे काम मी भोर आणि वेल्हे तालुक्यांत केलं. त्याआधी पुण्याच्या एका दैनिकात तालुक्यांकडून येणाऱ्या बातम्या तपासत होतो. पुढे एका शैक्षणिक संस्थेने डोंगरी शाळांना डिजिटल फळे द्यायला घेतले. चांगल्या शिक्षकांचे तास रेकॉर्ड करून ते इतर शाळांना पुरवायचे, असंही ठरलं. त्यासाठी संस्थेला असा माणूस हवा होता, ज्याला वायर जोडता येते आणि मजकूरही तपासता येतो. मजकूर मला येत होता. वायर मी कापूरहोळला इन्व्हर्टर दुरुस्तीच्या एका दुकानात बसून शिकलो.

ज्यांनी हा फळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तो भिंतीवर टांगलेला मोठा टीव्ही असतो, पण त्याच्यावर बोटाने किंवा पेनाने लिहिता येतं. पडद्याच्या चौकटीत आतल्या बाजूने बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पडद्यासमोर या किरणांची जाळी पसरलेली असते. बोट टेकलं की जाळी तिथे तुटते आणि लिहिणारा कुठे आहे हे फळ्याला कळतं. लिहिलेली प्रत्येक रेघ साठवता येते. शिक्षकाच्या कॉलरला माईक आणि वर्गाच्या मागे कॅमेरा लावला की रेघ, आवाज आणि चित्र एकत्र मुद्रित होतात. नंतर तो तास हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा लावता येतो.

फळ्यांपेक्षा माणसांचे नमुने जास्त पाहायला मिळाले. वेल्ह्याकडच्या एका मुख्याध्यापकांनी पडद्यावरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक काढलंच नव्हतं. फळ्यावर काही उमटत नाही म्हणून तक्रार होती. मी प्लॅस्टिक ओढायला लागलो तर म्हणाले, "अहो, राहू द्या की. साहेब लोक बघायला आले की नवा दिसला पाहिजे." दुसऱ्या एका शाळेत फळ्याला चादरीची खोळ शिवली होती, वर नाड्या बांधलेल्या. तिथल्या पोरांना फळा दिसायचा तो सव्वीस जानेवारीला. मी जाईन तिथे नाड्या सोडत गेलो. या कामात मला ज्याचा अभिमान वाटतो, त्यातला बराचसा भाग इतकाच आहे.

पण हिर्डोशीच्या बाजूच्या एका माध्यमिक शाळेत जे झालं, ते यात बसत नाही.

या शाळेत गणित शिकवायला शेख बाई होत्या. राहायला भोरला. सकाळच्या एसटीने यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने जायच्या. एसटी आली नाही तर मिळेल त्या जीपने किंवा दुधाच्या टेम्पोने. कडक म्हणून त्यांचा लौकिक होता. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं गणितात अडकत नाहीत, असं वरच्या वाड्यांमधले पालक सांगायचे. ऑक्टोबरअखेर त्या निवृत्त होणार होत्या. शिक्षक निवृत्त होतो तो जन्माच्या महिन्याअखेर. शाळेचं वर्ष त्याला थांबत नाही. जागा लगेच भरली जाणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. दहावीच्या वर्गाची परीक्षा मार्चमध्ये होती आणि भूमितीचे चार धडे शिल्लक होते.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. शिक्षकांच्या खोलीत बैठक झाली.

"बीजगणित विज्ञानाचे सर ओढून नेतील," मुख्याध्यापक म्हणाले. "भूमितीला ते तयार नाहीत. त्यांचे तासही भरलेत. बाईंचे धडे तुम्ही रेकॉर्ड करून द्या. लावायला कुणीतरी वर्गावर उभं राहील."

"कुणीतरी म्हंजे कोण?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी कांबळे सरांकडे पाहिलं. ते मराठी शिकवायचे आणि वेळापत्रकात मोकळे तास त्यांचेच होते.

"माझ्याकडं काय बघताय?" कांबळे सर म्हणाले. "गणिताशी माझं दहावीपासून बोलणं बंद आहे."

"सर, शिकवायचं नाही. नुसतं बटण दाबायचं," मी म्हणालो.

"आणि पोरानं मधेच हात वर केला तर? बटण उत्तर देतंय का?"

खोलीत हसू झालं. बाई हसल्या नाहीत.

अडचण अशी होती की पावसात या शाळेत मुद्रण शक्य नव्हतं. वर्गांवर पत्रा आहे. वरंधा घाटाच्या बाजूचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग माईकचं काय. म्हणून पाऊस ओसरेपर्यंत थांबावं लागलं. मधला काळ फार थोडा होता : पाऊस ओसरण्यापासून बाईंच्या शेवटच्या दिवसापर्यंत. त्यातच दसरा आणि दिवाळीची सुट्टी.

बाईंनी पहिल्याच दिवशी एक अट घातली. रिकाम्या खोलीत बोलणार नाही. "भिंतीला शिकवलं तर भिंतच शिकंल," म्हणाल्या. मग दहावीचा वर्ग समोर बसवूनच मुद्रण सुरू झालं : आत्ता धडा एकदा भरभर ऐकायचा आणि बाई गेल्यावर तोच फळ्यावर लावून सावकाश पक्का करायचा. वर्ग लहान होता. बरीच मुलं वाड्यांवरून पायी येणारी. पहिल्या बाकावर वैशाली नावाची मुलगी बसायची. तिला बाईंनी मुद्दाम पुढे बसवलं होतं, कारण ती कधीच प्रश्न विचारत नसे.

पहिला धडा उत्तम झाला. अक्षर स्वच्छ, आवाज स्वच्छ. शाळा सुटल्यावर आम्ही तो लावून पाहिला. बाईंनी कांबळे सरांना विद्यार्थ्यासारखं बाकावर बसवलं. धडा संपल्यावर विचारलं, "काय कळलं, सर?"

सरांनी फळ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर फार सुंदर आहे."

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "म्हंजे काहीच कळलं नाही."

"तसं नाही. तुम्ही पुढं पळता. मी अजून आधीच्या ओळीवर असतो. वर्गात तुम्ही पोरांची तोंडं बघून थांबता. हितं तुम्हाला माझं तोंड दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी भौमितिक रचनांचा पाठ होता. बाईंनी वर्तुळ काढलं, बाहेर एक बिंदू घेतला आणि एकदम कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या, "कांबळे सर, इथं थांबवा. सगळ्यांची आकृती पुरी होऊ द्या. केंद्राला नाव दिलं नसंल तर पुढं जाऊ देऊ नका."

वर्गाने मागे वळून पाहिलं. कांबळे सर तिथे नव्हते. शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते, त्यांचा आवाज भिंतीतून येत होता. पोरं हसायला लागली.

"हसू नका. हे जानेवारीतल्या तुमच्यासाठी चाललंय," बाई म्हणाल्या आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे वळल्या. "सर, आता वैशालीला विचारा. ती मान डोलवंल. मान डोलवली म्हंजे कळलं नाही. वही बघा."

वैशालीने मान खाली घातली. पण हसत होती.

त्यानंतर प्रत्येक धडा असाच झाला. सर, थांबवा. सर, मागच्या बाकावर जा. सर, इथं पोरं म्हनतील कळलं, विश्वास ठेवू नका. सर, खालच्या आकृतीत कोन कोणता ते तुम्ही आधी बघून ठेवा, मग विचारा. बाई काही महिन्यांनंतरच्या वर्गात आत्ताच उभ्या राहिल्या होत्या, आणि तो वर्ग त्यांना दिसत होता.

पुण्याहून संस्थेच्या कार्यालयातला फोन आला. "यातली नावं काढून टाका. कांबळे सर कोण, वैशाली कोण, हे दुसऱ्या शाळांना कशाला? मधले रिकामे क्षणही काढा. निम्मा वेळ वाचेल."

दैनिकात असतो तर मीही हेच सांगितलं असतं. कापलेली प्रत त्यांना पाठवली. शाळेच्या फळ्यात मूळ प्रत ठेवली.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि मुख्याध्यापकांचा फोन आला. आवाज दबका होता.

"साहेब, फळा आपोआप लिहितोय."

"म्हणजे?"

"कुणी हात लावंना अन् रेघा उमटायलेत. सकाळचा बाईंचा तास सगळा रेघांनी भरलाय. गावात कळलं, माणसं बघायला आलीत. एकानं नारळ फोडलाय. तुमी या."

मी पोचलो तेव्हा वर्गाच्या दारात चपला काढून माणसं उभी होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या रेघा थरथरत उमटत होत्या आणि पुसल्या जात होत्या. कारण शोधायला वेळ लागला नाही. सुट्टीआधी पाटीपूजन झालं होतं. आपल्याकडे पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात, हळदकुंकू वाहतात. या वर्गाकडे पाट्या नव्हत्या, डिजिटल फळा होता. त्यांनी पडद्यावर कुंकवाने सरस्वती काढली, चौकटीला झेंडूचा हार घातला, चारी कोपऱ्यांना तेलात कालवलेलं कुंकू लावलं आणि खालच्या खाचेत अक्षता वाहिल्या. पडद्यावरची सरस्वती नंतर कुणीतरी पुसली होती. चौकटीतलं तसंच राहिलं. ते कुंकू नेमकं दिव्यांवर बसलं होतं. हाराच्या सुकलेल्या पाकळ्या जाळीत लोंबत होत्या. फळ्याला वाटत होतं की कुणीतरी सतत बोट टेकून उभं आहे.

मी हे समजावून सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. चौकट पुसावी लागेल म्हणालो, तेव्हा एक म्हातारबाबा पुढे आले. "पुसायचं न्हाई. देवीला वाहिलेलं हाय त्ये. लेकरांच्या परीक्षेचं वरीस हाय."

मुख्याध्यापक माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे.

शेख बाई टेबलाजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, तुमी शाळेत होता तवा पाटी पूजलीत का न्हाई?"

"पूजली की. दरसाल."

"मग दुसऱ्या दिवशी तिच्यावर लिहिलंत कसं?"

म्हातारबाबांनी विचार केला. "पुसून," म्हणाले.

"मग? पुसून लिवलं न्हाई तर देवी रागावती. अन् हार म्या आणलेला हाय, माझ्या दारातल्या झेंडूचा. उतरवते पण मीच." बाईंनी हार उतरवला आणि वैशालीच्या हातात दिला. "जा, हिरीत सोड न्हाईतर झाडाच्या बुडाला ठेव. पायाखाली येऊ देऊ नको."

म्हातारबाबा म्हणाले, "बाई म्हनतात त्ये बराबर हाय." आणि जाताना आधी फोडलेल्या नारळाचं खोबरं सगळ्यांना वाटून गेले. मलाही एक तुकडा मिळाला.

तेलकट कुंकू कोरड्या फडक्याने निघत नाही, आणि पाणी चौकटीत जाऊन चालत नाही. गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरांनी स्पिरिट आणि कापूस दिला. बाई आणि मुलं एकेक दिवा पुसत गेली. रेघा थांबल्या. पण त्या सकाळी झालेला तास वाया गेला होता, आणि त्याआधी एक दिवस वीज नव्हती आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरली होती. त्रिकोणमिती अर्धी आणि महत्त्वमापन पूर्ण राहिलं. पुढे दिवाळीची सुट्टी लागत होती.

बाईंनी वर्गाला विचारलं, "सुट्टीत कोण येणार?"

मागून एकजण म्हणाला, "बाई, सुट्टीत यष्टी बी कमी असती."

"मला भोरवरनं यायचंय. तू वाडीवरनं चालत येतोस. यष्टीचं रडगाणं मी गावं का तू?"

सगळे आले. भाताची कापणी चालू होती. काही मुलं सकाळी शेतात राबून येत आणि त्यांच्या केसांत कुसळं असत. उन्नत कोन शिकवायला बाईंनी वर्ग बाहेर नेला आणि पाण्याच्या टाकीकडे मान वर करून बघायला लावलं. मी कॅमेरा बाहेर नेला. त्या मुद्रणात बाईंचा आवाज, टाकी आणि मागे चाललेली भाताची झोडणी, सगळं आहे. शेवटच्या दिवशी महत्त्वमापनातला शंकुछेद उरला. शंकुछेद म्हणजे बादलीचा आकार. तो शिकवताना संध्याकाळची एसटी खाली येऊन उभी राहिली, ती चुकली तर दुसरी नव्हती. चालक हॉर्न वाजवत होता. बाईंनी शेवटचं सूत्र उभ्याउभ्या लिहिलं, माईक काढून माझ्या हातात दिला आणि पिशवी उचलली. निरोपाचं भाषण झालं नाही. मुलं एसटीपर्यंत गेली.

हिवाळ्यात इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला मी पुन्हा त्या शाळेत गेलो. भूमितीचा तास चालू होता. फळ्यावर बाई बोलत होत्या आणि कांबळे सर हातात रिमोट घेऊन उभे होते. बाई म्हणाल्या, थांबवा. सरांनी थांबवलं आणि बाकांमधून वह्या पाहत निघाले. एका मुलाने हात वर केला.

"सर, हितं नव्वद अंश कुठनं आला?"

"मला माहीत नाही. मागं नेऊन बघू." सरांनी मुद्रण मागे नेलं, पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. मुलाने अजून हात खाली घेतला नव्हता. सर फळ्याजवळ गेले, आकृतीवर बोट ठेवलं आणि एकदम म्हणाले, "थांब. हे मला येतंय. ही स्पर्शिका, ही त्रिज्या. त्या भेटतात तिथं काटकोनच होतो. दुसरं काही होऊच शकत नाही."

पोरांनी बाकं वाजवली. सरांनी दटावलं, पण उशिरा.

गुंजवण्याच्या बाजूच्या एका शाळेतही गणिताची जागा रिकामी होती. तिथे वर्गावर उभे राहणारे हिंदीचे शिक्षक होते. संस्थेची कापलेली प्रत त्यांना मिळाली होती. त्यांना मूळ प्रतीबद्दल कुठूनतरी कळलं आणि त्यांनी मला फोन केला. "आम्हाला कांबळे सरवाली द्या. त्यात मला कुठं थांबायचं ते कळतं." मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. नंतर तशा आणखी शाळा आल्या. कार्यालयाने पुढे सगळीकडे मूळ प्रतच पाठवायला सुरुवात केली. मी दिलेल्या प्रतींपैकी एकही प्रत परत आली नाही. माझ्या कामाचं याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही.

भूमितीच्या पेपरच्या दिवशी मी भोरला परीक्षा केंद्राजवळच होतो. फाटकाबाहेर शेख बाई पाण्याची बाटली घेऊन उन्हात उभ्या होत्या. कांबळे सर मुलांना घेऊन आले होते. ते दुसऱ्या बाजूला उभे होते आणि सारखे घड्याळ पाहत होते. पेपर सुटला. मुलं बाईंना पाहून धावत आली.

बाईंनी कुणाचंही कौतुक केलं नाही. प्रश्नपत्रिका मागून घेतली. "रचना?"

"काढली, बाई."

"उन्नत कोन?"

"टाकीचंच गणित होतं की, बाई! फकस्त टाकीच्या जागी दीपगृह होतं."

"बादली?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग वैशाली बोलली. वर्षभरात ती स्वतःहून बोलताना मी पहिल्यांदा पाहत होतो. "बाई, सरळ उंची घ्यायची का तिरकी, तितं अडलं. घनफळाला कुठली अन् पृष्ठफळाला कुठली त्येच्यात घोळ झाला. माजाच न्हाई, सगळ्यांचाच."

बाईंनी कांबळे सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "तिथं तुम्ही थांबवा म्हणालाच नाहीत, बाई. मी पण थांबलो नाही."

"यष्टी उभी होती," बाई म्हणाल्या. प्रश्नपत्रिकेची घडी घालून त्यांनी ती पिशवीत ठेवली.

मे महिन्यात निकाल लागला. दहावीचा तो वर्ग गणितात पूर्ण पास झाला. वैशालीला प्रथम श्रेणी मिळाली. बादलीचे गुण मात्र कुणालाच मिळाले नव्हते, असं सगळ्यांनी एकमेकांशी बोलून ठरवलं होतं. मुख्याध्यापकांनी पेढे वाटले आणि बाईंना फोन केला. बाईंनी अभिनंदन ऐकून घेतलं आणि विचारलं, "जागा भरली का?"

जागा भरली नव्हती.

तासाभरात बाईंचा मला फोन आला. "पत्रा कोरडा आहे तोवर या. पावसाच्या आत तो पाठ परत करायचाय. नववी पास झालेली पोरं मी सांगून ठेवलीत."

मी फळ्याची चौकट पुसली, माईक लावला. मुलं बसली होती. बाई घरून पत्र्याची बादली घेऊन आल्या होत्या आणि ती टेबलावर ठेवली होती. कांबळे सर रिमोट घेऊन दाराजवळ, नेहमीच्या जागी उभे होते.

"सर, तिथं काय करताय?" बाई म्हणाल्या.

"तुम्ही शिकवा. मी थांबवायचं कुठं ते बघून ठेवतो."

"तुम्हाला आता थांबवायचं नाही, शिकवायचंय. रिमोट ठेवा तो. पुढच्या बाकावर या."

कांबळे सर पुढे आले आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हणाले, "सरक रे." त्याने जागा केली. सर बसले. गुडघे बाकाखाली मावेनात.

"वही?" बाईंनी विचारलं.

सरांनी पिशवीतून वही काढली. मग पट्टी काढली. मग कंपासपेटी काढली. ती नवी होती.